घरात म्हैस असेल तर डॉक्टरला काय सांगायचं आणि जनावरांच्या डॉक्टरला काय विचारायचं

ताप आला, सांधे धरले की आपण दवाखान्यात जातो आणि कधीपासून ताप आहे, काय खाल्लं, कुठं गावाला गेलो होतो का, सगळं सांगतो. पण घरात चार म्हशी आहेत, गेल्या महिन्यात त्यातली एक गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आधीच तिचा गर्भ पडला, आणि तिचा जार (गर्भाभोवतीचं वेष्टण) मीच हातानं ओढून काढला, हे कोणी सांगत नाही, आणि डॉक्टर पण विचारत नाहीत. तिकडं जनावरांचे डॉक्टर गोठ्यात येतात, इंजेक्शन करून जातात, त्यांना आपण सांगत नाही की घरात सुनेला दिवस गेलेत आणि आण्णांना दोन महिने झाले संध्याकाळी ताप चढतोय. दोन्ही डॉक्टर चांगलेच असतात ओ, पण प्रत्येकाकडं अर्धीच माहिती असते. गेल्या काही वर्षांत माणसांच्या आणि जनावरांच्या आजारांवर जे संशोधन बाहेर आलंय ते वाचताना मला सारखं हेच जाणवतंय की ही दोन अर्धी माहिती एकत्र आणायचं काम गोठा असलेल्या घरालाच करावं लागणार. माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र बघायचं, याला एक आरोग्य म्हणतात; सरकारनं नागपूरला राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी केली ती डिसेंबर 2022 मध्ये, मोठं काम आहे ते, होईल तेव्हा होईल. आपल्या गोठ्यात आजपासून काय करता येतं ते लिहितोय.

पहिल्यांदा एक वही घाला. साधी शंभर पानी, गोठ्यातच खुंटीला अडकवायची, पेन दोरीनं बांधून. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर लिहायचा, त्याच्याखाली कधी भरवली, कधी व्याली, कधी गाभडली, कुठलं इंजेक्शन कुठल्या तारखेला दिलं. औषधाचं नाव वाचता येत नसेल तर बाटलीचा फोटो काढून ठेवा, बाटली उकिरड्यावर गेली की कायम गेली. आणि त्याच वहीच्या मागच्या बाजूनं घरच्या माणसांचं लिहा, धार कोण काढतं, शेण कोण काढतं, कोणाला किती दिवस ताप होता, घरात गरोदर कोण आहे. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, जाताना किंवा गावातल्या डॉक्टरांकडं जाताना ही वही पिशवीत टाका. वही नाहीच न्यायची तर निदान फोनवर तिचे फोटो असूदेत.

म्हैस गाभडली तर

म्हैस असो वा गाय, पाचवा-सहावा महिना उलटल्यावर गाभडली की पहिली शंका ब्रुसेलाची घ्यायची. पडली असेल, शिंग लागलं असेल, नजर लागली असेल हे सगळं नंतर. या आजाराला सांसर्गिक गर्भपात म्हणतात आणि याचे जंतू जारेत, गर्भाच्या पाण्यात आणि मेलेल्या वासरात अगदी खच्चून भरलेले असतात. आता आपल्याकडं काय होतं बघा, जार अडकला की गल्लीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला हाक जाते, तो बाही वर करतो, हाताला गोडं तेल लावतो आणि कोपराच्या वरपर्यंत हात घालतो. तो माणूस सकाळी उसाच्या फडात असतो, पाल्यानं हातावर बारीक बारीक चिरा पडलेल्या असतात, त्या डोळ्याला दिसत पण नाहीत. जंतूला तेवढी वाट पुरते. शिवाय पाणी उडून डोळ्यात जातं, तोंडावर येतं. मग तो जार उकिरड्यावर टाकतात, कुत्रं ओढत नेतं, आणि शेजारच्या गोठ्यापर्यंत तो आजार पोचतो.

तर हात घालू नका, हे पहिलं. अडकलेला जार ओढून काढल्यानं म्हशीच्या गर्भाशयाला पण इजा होते, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, 1962 हा टोल फ्री नंबर आहे, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना त्यावर मिळतो. जो कोणी हात लावणार त्यानं खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे घालायचे (रेतन करायला येणाऱ्यांकडं असतातच, दोन जोड मागून ठेवा), तोंडाला मास्क, डोळ्याला साधा चष्मा का होईना. गरोदर बाईनं आणि पोरांनी त्या दिवशी गोठ्यात यायचं नाही, इथं भीडभाड नको, सासूबाई काय म्हणतील हा विचार नको. जार आणि मेलेलं वासरू कुत्र्यानं उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात, वरखाली चुना टाकून पुरायचं. जागा धुऊन जंतुनाशक मारायचं, म्हैस बाकीच्या जनावरांपासून लांब बांधायची, आणि तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यायचीच. पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पुढं पाठवता येतो, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाची मोठी प्रयोगशाळा आहे. निकाल येईपर्यंत ती म्हैस कोणाला विकायची नाही. हे लिहिताना मला माहिताय की बऱ्याच जणांना हाच भाग जड जाणार, पण विकलेली म्हैस दुसऱ्याच्या घरात तोच ताप घेऊन जाते.

याची लस आहे आणि फुकट आहे. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला दोन्ही घेतलेत. ब्रुसेलाची लस फक्त मादी वासरांना, म्हणजे रेडी किंवा कालवड 4 ते 8 महिन्यांची असताना, आयुष्यात एकदाच देतात. रेड्याला नाही, खोंडाला नाही, गाभण जनावराला तर नाहीच. म्हणजे ही संधी फक्त चार महिन्यांची आहे, त्यामुळं रेडी जन्मली की त्याच दिवशी वहीत चार महिन्यांनंतरची तारीख घालून ठेवा आणि लसवाला येण्याची वाट न बघता दवाखान्यात जाऊन विचारा. एक सांगायचं म्हणजे ही लस जिवंत जंतूंची असते, लस देताना सुई कोणाच्या बोटाला लागली तर ती गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, जागा धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

माणसाला हा आजार झाला तर कसा दिसतो? ताप चढतो उतरतो, रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम, कंबर आणि सांधे दुखतात, भूक मरते, माणूस खंगतो, पुरुषांना कधी कधी अंडकोषाला सूज येते. सगळं बघितलं तर टायफॉईड पण वाटतो, टीबी पण वाटतो, संधिवात पण वाटतो. आमच्या भावकीत एका काकांचा असाच ताप टायफॉईड टायफॉईड म्हणून कित्येक आठवडे चालला, सलाईन झाली, इंजेक्शनं झाली, आणि शेवटी एका तरुण डॉक्टरनं विचारलं की काका तुम्ही काय काम करता. त्या एका प्रश्नावर तपासणी बदलली. म्हणून डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण सांगायचं, "आमच्याकडं जनावरं आहेत, अमुक महिन्यात एक गाभडली, जारेला मी हात लावलाय, ब्रुसेलाची तपासणी करायची का?" एवढं एक वाक्य. आणि रक्त कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) जाणार असेल तर लॅबमध्ये पण हे कळलं पाहिजे, कारण हे जंतू लॅबमध्ये काम करणाऱ्याला पण लागतात, आणि वाढायला पण वेळ घेतात. औषध निदान सहा आठवडे चालतं, डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला दुसरं एक, दोन्ही मिळून. आठ-दहा दिवसांत ताप जातो आणि लोक गोळ्या सोडतात, मग दोन महिन्यांनी पुन्हा तेच. सहा म्हणजे सहा आठवडे.

दूध

आता जरा नाजूक विषय. गंगावेशच्या कट्ट्यावर समोर धार काढून पेल्यात फेसाळ दूध मिळतं, तालमीतली पोरं तेच पिऊन मोठी झाली, धारोष्ण दूध म्हणजे कोल्हापूरचा अभिमान आहे हे मला पण मान्य आहे. पण ब्रुसेला, जनावरांचा टीबी, आणखी बरेच जंतू कच्च्या दुधातून येतात, आणि म्हैस बाहेरून एकदम तकतकीत दिसत असताना पण येतात. दूध उकळून प्या. डेअरीत 72 अंशाला 15 सेकंद तापवतात त्यात हे जंतू मरतात, आणि घरी एक उकळी म्हणजे त्याच्या वरची गोष्ट झाली. उकळलं की ताकद जाते म्हणतात, तसं काही नाही, प्रोटीन आणि कॅल्शियम जागेवरच राहतात, थोडी जीवनसत्त्वं कमी होतात इतकंच. पैलवानांनी दिवसाला दोन लिटर प्यावं, उकळून प्यावं. खरवसाचा चीक पण कच्चा चाखायचा नाही. आणि वासराला पाजून, धार काढून तोच हात तोंडाला लावायची सवय असेल तर ती पण सोडा.

कच्च्या दुधावर अलीकडं जे सगळ्यात धक्कादायक संशोधन झालं ते अमेरिकेतलं. मार्च 2024 मध्ये टेक्सास आणि कॅन्ससच्या डेअरी फार्मवर गाईंमध्ये बर्ड फ्लू सापडला, एच5एन1. कोंबड्यांचा रोग गाईला, हे कोणी धरलंच नव्हतं. आणि तो गाईच्या फुप्फुसात कमी, कासेत जास्त. दूध एकदम कमी झालं, घट्ट आणि पिवळट यायला लागलं चिकासारखं, आणि त्या फार्मवर कच्चं दूध प्यालेली मांजरं मेली. धार काढणाऱ्या कामगारांचे डोळे लाल झाले, दूध उडून डोळ्यात गेलं असणार. हा उद्रेक तिकडचा आहे, आपल्या म्हशी बघून घाबरायचं कारण नाही. पण यातून आपण दोन गोष्टी उचलायच्या. एक, एकाच वेळी गोठ्यातल्या बऱ्याच जनावरांचं दूध अचानक घटलं आणि घट्ट पिवळं झालं, किंवा गोठ्याजवळ कोंबड्या, कावळे, मांजरं मरताना दिसली, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं उचलायचं नाही. आपल्या राज्यात पण नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले, जानेवारी 2025 मध्ये ते जाहीर झालं. दुसरी गोष्ट म्हणजे मांजराला दूध घालताना पण उकळलेलं घाला.

इथंच सांगतो, अशा बातम्या वाचायच्या कशा. त्याच वेळी बातमी आली की अमेरिकेत दुकानातल्या पिशवीच्या दुधात बर्ड फ्लू सापडला. ग्रुपवर लगेच फिरली, दूध बंद करा. खरं काय होतं? तिथल्या अन्न औषध खात्यानं दुकानातले 297 नमुने तपासले, साधारण पाचातल्या एका नमुन्यात विषाणूचे तुकडे सापडले, म्हणजे पीसीआर पॉझिटिव्ह. पण त्यातला जिवंत विषाणू एकाही नमुन्यात निघाला नाही, तापवल्यामुळं तो मेला होता. म्हणजे जी बातमी घाबरवायला वापरली ती खरंतर दूध तापवल्याचा फायदा दाखवणारी होती. त्यामुळं संशोधनाची बातमी आली की पहिल्यांदा विचारायचं, सापडलं ते जिवंत सापडलं की तुकडे? दुसरं, प्रयोग कोणावर केला, उंदरावर, गाईवर की माणसावर? कच्चं दूध पाजून उंदीर आजारी पडले हे पण 2024 मध्येच छापून आलं, ते महत्त्वाचं आहे, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तिसरं, कुठल्या देशातलं आणि कसल्या गोठ्यातलं. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा ही तीन वाक्यं विचारली असती तर दूध ओतून द्यायची वेळ कोणावर आली नसती, कारण लम्पी माणसाला होतच नाही, तो गाईगुरांचा देवीच्या जातीचा विषाणू आहे, माशा-डास-गोचिडांनी पसरतो, आणि दूध उकळलं की विषय संपला.

दगडी आणि इंजेक्शन

कास सुजली, सड कडक झाला, दुधात गाठी आल्या की आपण म्हणतो दगडी झाली. आणि पहिलं काम काय तर मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेलं इंजेक्शन आणून टोचायचं. इथं थांबा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2022 साली जगभराचा हिशोब छापून आला की 2019 या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळं थेट 12.7 लाख माणसं मेली. हे सगळं गोठ्यामुळं झालं असं अजिबात नाही, माणसांच्या दवाखान्यातला अतिरेक त्यात मोठा आहे. पण त्याच जातीची औषधं आपण गोठ्यात पण वापरतो, आणि जंतूला गोठा आणि घर यातला उंबरा कळत नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या अगदी शेवटच्या लढाईतलं औषध, ते खाद्यजनावरांना द्यायला आपल्या सरकारनं 2019 मध्ये बंदी घातली ती यासाठीच.

करायचं काय ते असं. औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलंच, त्यांनी सांगितलेले सगळे दिवस, आणि त्यांना दोन प्रश्न विचारायचे, "हे अँटिबायोटिक आहे का? दूध किती दिवस घालायचं नाही?" बाटलीवर तो काळ लिहिलेला असतो. लिहिलेला नसेल तर नियमाप्रमाणं दुधाला निदान 7 दिवस धरायचे. त्या दिवसांचं दूध संस्थेत घालायचं नाही, घरात ठेवायचं नाही, वासराला पाजायचं नाही. उकळल्यानं जंतू मरतो, औषधाचा अंश जात नाही, हा फरक बऱ्याच लोकांना माहीत नसतो. घरात याची खूण पण दिसते, अशा दुधाला विरजण लावलं की दही नीट लागत नाही, कारण औषध दह्याचे जंतू पण मारतं. लोकांना वाटतं विरजण खराब होतं. संस्थेतून फॅट लागलं म्हणून बिल निघतं, पण ते दूध कोणाच्यातरी तान्ह्या पोराच्या बाटलीत जातं, गोकुळला गेलं काय आणि वारणेला गेलं काय.

मुळात दगडी होऊच नये म्हणून धारेनंतर सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचे आणि जनावराला लगेच बसू द्यायचं नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, म्हैस शेणात बसली की जंतू आत. म्हणून वैरण धारेनंतर टाका, खात उभी राहते. सुरुवातीच्या दगडीला कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप पण आहे, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं तो प्रसारात आणलाय, प्रमाण 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम खायचा चुना, वाटून लाल पेस्ट होते. कास धुऊन, दूध पूर्ण काढून, दिवसातनं आठ-दहा वेळा लावायचा. पण म्हशीला ताप असेल, वैरण खात नसेल, दुधात रक्त असेल तर लेपावर वेळ घालवू नका.

दुखण्याचं इंजेक्शन आणि गिधाडं

हे वाचून काहींना वाटेल गिधाडाचा आपल्या तब्येतीशी काय संबंध. पण माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं हे सगळ्यात डोळे उघडणारं संशोधन आहे. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, जनावर मेलं की गिधाडं ते खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आपल्याकडच्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून जास्त घटली. कारण डायक्लोफेनॅक आहे हे 2004 मध्ये सिद्ध झालं आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मग 2024 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी, इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, हिशोब मांडला की जिथं आधी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत ती गेल्यावर माणसांचं मरणाचं प्रमाण 4 टक्क्यांहून जास्त वाढलं, 2000 ते 2005 या पाच वर्षांत साधारण पाच लाख जास्तीची माणसं गेली. मढी उघड्यावर कुजली, पाणी नासलं, कुत्री वाढली, रेबीज वाढला. एका इंजेक्शनची साखळी कुठपर्यंत गेली बघा.

म्हणून जनावराला दुखण्याचं औषध देताना विचारायचं, "मेलॉक्सिकॅम आहे का?" मेलॉक्सिकॅम आणि टोलफेनॅमिक ॲसिड ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधं. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर पण 2023 मध्ये जनावरांसाठी बंदी आलीय. माणसांचं डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून म्हशीला टोचायचे प्रकार अजून होतात, म्हणूनच 2015 मध्ये माणसांच्या बाटलीचं माप 3 मिलीवर आणलं, की मोठ्या जनावराला वापरणं परवडू नये. मेलेलं जनावर ओढ्याकडंला टाकायचं नाही, खोल पुरायचं.

कुत्रं चावलं तर, माणसाला आणि म्हशीला

लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस मध्ये 2024 ला आपल्या देशाचा सर्वे आला, 15 राज्यं, 60 जिल्हे. वर्षाला साधारण 91 लाख लोकांना जनावर चावतं, आणि रेबीजनं अंदाजे 5,726 माणसं जातात. आधीचे अंदाज 18 ते 20 हजारांचे होते, म्हणजे कमी झालंय, पण एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर वाचतो. असा दुसरा आजार नाही, त्यामुळं यात जरा पण ढिलाई नको.

चावलं, ओरबाडलं, उघड्या जखमेला चाटलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी लस. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, 0 म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन पण लागतं, ते मागून घ्या, "सीरम दिलं का" म्हणून विचारा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबवायची नाही. पोरं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की रागावणार नाही.

आता म्हशीचं. पिसाळलेलं कुत्रं रात्री गोठ्यात येऊन चावून गेलेलं आपल्याला कळत पण नाही. काही आठवड्यांनी म्हैस वैरण सोडते, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, सारखी हंबरते. बघणाऱ्याला वाटतं घशात उसाचं कांडं नाहीतर बटाटा अडकलाय. आणि तो तोंडात हात घालतो, जीभ बाहेर ओढतो, घशात चाचपतो. रेबीज असेल तर हा सरळ चावा घेतल्यासारखाच प्रकार आहे. लाळ गळणाऱ्या आणि न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात कोणी पण हात घालायचा नाही, जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत तिला वेगळं बांधून दोर लांबून धरायचा. कोणी हात घातलाच असेल तर त्या प्रत्येकाची नावं वहीत लिहा आणि सगळ्यांना त्याच दिवशी लसीला न्या. तिचं दूध घरात वापरायचं नाही. कुत्रं चावलेलं डोळ्यानं बघितलं असेल तर म्हशीला पण लगेच लस मिळते, चावल्यानंतरच्या डोसांचं वेळापत्रक डॉक्टर देतील, जखम तिची पण साबणानं धुवायची. आणि गल्लीतल्या कुत्र्यांच्या लसीकरणाला गाडी आली तर कुत्री धरून द्यायला मदत करा.

टीबी आणि पावसाळा

टीबीबद्दल थोडकं. गाईचा टीबी म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोविस असं सगळे धरून चालायचे, पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा 2020 मध्ये छापून आलं की तिथं जनावरांकडचा म्हणून जो सापडला तो बोविस नसून ओरिगिस नावाचा भाऊबंद होता. आपल्या कामाचं यातलं इतकंच की घरात टीबी असेल तर डॉक्टरांना गोठ्याचं सांगायचं, कारण बोविसवर पायराझिनामाइड ही नेहमीची गोळी लागू पडत नाही. आणि उलट बाजू पण आहे, माणसाचा टीबी जनावराला लागू शकतो. आजारी माणसानं गोठ्यात झोपायचं नाही, वैरणीत थुंकायचं नाही. घरात टीबी आहे आणि एखादी म्हैस खोकतेय, वाळत चाललीय असं दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

पंचगंगेचं पाणी 2019 ला आणि 2021 ला कुठपर्यंत आलं होतं ते शिरोळ, करवीर, हातकणंगल्यात सगळ्यांना आठवतंय. पाणी उतरल्यावर गोठा धुवायला आपण अनवाणी उतरतो, आणि उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू त्या चिखलात असतात, पायाच्या भेगेतून आत जातात. गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच उतरा, पायाला चिर असेल तर ती आधी झाका. पुरानंतर ताप आला, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली किंवा पिवळं पडलं, तर घरी पॅरासिटामॉल घेऊन बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि "पुराच्या पाण्यात गोठा धुतलाय" हे तोंडानं सांगायचं. पाण्यात सलग काम करावंच लागणार असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन आधीच विचारा, डॉक्टर गरज बघून डॉक्सिसायक्लिनचा आठवड्याचा डोस देतात, मनानं घ्यायचा नाही, गरोदर बायांना आणि लहान पोरांना तो चालत नाही. भिजलेली पेंड, बुरशी आलेला कडबा जनावराला घालू नका. आणि गोठ्यातल्या उंदरांचा बंदोबस्त पाऊस लागायच्या आधी करा, पेंडीची पोती जमिनीपासून उचलून फळीवर ठेवा, सांडलेला भरडा रोज संध्याकाळी झाडून घ्या.